मालाचा माग: कुर्डुवाडी ते न्हावाशेवा

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील कुर्डुवाडी हे गाव कोणा राजघराण्याचे ठाणे नव्हते, तेथे नावाजलेले तीर्थ नाही, आणि नदीकाठच्या जुन्या पेठेची सुबत्ताही त्याच्या वाट्यास आली नाही; ईशान्येस बार्शीसारखी धनाढ्य बाजारपेठ आणि दक्षिणेस पंढरपूरसारखे महाक्षेत्र असता, या दोहोंच्या मधल्या माळरानावर जे गाव वाढले ते केवळ लोखंडी रुळांच्या दोन जोड्यांतील अंतर सारखे नसल्यामुळे वाढले. मुंबईहून मद्रासेकडे जाणाऱ्या मोठ्या लोहमार्गाचे रूळ साडेपाच फूट अंतरावर, तर बार्शी लाइट रेल्वेचे रूळ अडीच फूट अंतरावर. या तीन फुटांच्या फरकापायी एका गाडीतील प्रत्येक पोते उचलून दुसऱ्या गाडीत चढवावे लागे, आणि चढवता चढवता ते मोजावेही लागे. कुर्डुवाडीची कथा सांगणारे तिच्या छोट्या इंजिनांविषयी आणि आषाढीच्या गाड्यांविषयी सांगतात, व ते यथार्थच आहे. परंतु या मोजण्याचा, म्हणजे परक्याच्या हवाली केलेला आपला माल या घटकेस कोठे आहे हे कागदावरून ओळखण्याच्या विद्येचा, जो इतिहास तेथे घडला, तो बंदराबंदरांतून पोलादी कंटेनर फिरू लागल्यानंतरच्या काळात पुन्हा वाचण्याजोगा झाला आहे.

ही विद्या आगगाडीबरोबर विलायतेहून आली असे मात्र समजू नये. पेशवाईत बालाघाटावरचा कापूस, करडई आणि जवारी लमाणांच्या तांड्यांवरून कोकणच्या बंदरांकडे उतरत असे, आणि वाटेत ठायी ठायी जकातीचे नाके असत. माल जेथे भरला जाई तेथे थळभरीत आणि जेथे तो विकला जाई तेथे थळमोड, अशा निरनिराळ्या बाबींखाली ही जकात उगवली जाई. नाक्यानाक्यावर भरण्याची ही दगदग टाळण्यासाठी व्यापारी हुंडेकऱ्यांशी करार करीत. हा हुंडेकरी ठरावीक रक्कम घेऊन साऱ्या मार्गावरील जकातीची जोखीम आपल्या शिरावर घेई, व नाकेदारांशी आपला हिशेब पुढे सवडीने फेडी. याचा अर्थ असा की एकाच बैलावरच्या एकाच गोणीची नोंद व्यापाऱ्याच्या वहीत, हुंडेकऱ्याच्या बाडात आणि नाकेदाराच्या दफ्तरात अशी तीन ठिकाणी, तीन भिन्न हेतूंनी होत असे. नाकेदारास गोणी अधिक दिसण्यात लाभ, हुंडेकऱ्यास कमी दिसण्यात, आणि व्यापाऱ्यास ती जेवढी असेल तेवढीच पोचण्यात. हितसंबंध परस्परांच्या विरुद्ध असल्यामुळेच या तिन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या असता खरे काय ते उमगण्याचा संभव असे. कुर्डुवाडीस पुढे जे घडले त्याचे बीज या व्यवहारात आहे.

इंग्रजी अमलात जुनी मार्गजकात उठली आणि तिच्या जागी लोहमार्ग आला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची गाडी १८५३ मध्ये मुंबईहून ठाण्यास गेली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा टप्पा सुरू झाला. १८५९ मध्ये रूळ बार्शी रोडपर्यंत आले आणि १८६० मध्ये सोलापुरास पोचले. बार्शी रोड हे स्थानकाचे नाव, गाव कुर्डुवाडीचे. बोरघाटातील मार्ग १८६३ पर्यंत पुरा झालेला नसल्यामुळे आरंभीची काही वर्षे देशावरचा माल आगगाडीने खंडाळ्यापर्यंत यावा, तेथून घाटरस्त्याने खाली उतरावा व पायथ्याशी पुन्हा आगगाडीत चढावा असा प्रकार होता. त्यातच १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव असे चढले की बार्शीसारख्या पेठेलाही दूरच्या मँचेस्टरची नाडी कळू लागली. परंतु बार्शी आणि तिच्या नावाचे स्थानक यांच्यामध्ये एकवीस-बावीस मैलांचे अंतर होते. हंगामात या वाटेवर बैलगाड्यांची रीघ लागे, आणि पहिल्या पावसानंतर काळ्या रानातली ती वाट चाकांना सोडीनाशी होई.

या वाटेवर हलका लोहमार्ग टाकण्याची कल्पना एव्हरर्ड रिचर्ड कॅलथ्रॉप या इंजिनियराची. १८५७ मध्ये जन्मलेला हा गृहस्थ १८८२ मध्ये जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला, आणि मोठ्या मार्गांना माल पुरविणारे स्वस्त पोटमार्ग बांधले पाहिजेत या विचाराने त्यास असे झपाटले की पुढे ती नोकरी सोडून, वर्षानुवर्षे वाटाघाटी करून, १८९५ मध्ये त्याने लंडनला बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन केली व १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा मार्ग सुरू केला. त्याच्या योजनेचा गाभा असा होता की इंजिन असो, उतारूंचा डबा असो वा मालाची वाघीण असो, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही. भार सारखा वाटला गेला की यार्डाला तीस पौंड वजनाचा हलका रूळही पुरतो, आणि रूळ हलका झाला की साऱ्या मार्गाचा खर्च खाली येतो. लीड्सच्या किटसन कंपनीने त्यासाठी आठ जोडचाकांची इंजिने घडविली, आणि दाबलेल्या पोलादाच्या सांगाड्यांवर लांब वाघिणी तयार झाल्या. मार्ग सुरू होण्यापूर्वी हे सारे सामान लीड्सजवळ न्यूले येथे रूळ टाकून तज्ज्ञांना चालवून दाखविण्यात आले. पुढे इंग्लंडातील लीक अँड मॅनिफोल्ड या छोट्या मार्गावर कॅलथ्रॉपने मोठ्या गेजची अख्खी वाघीण पाठीवर घेऊन धावणारी वाहक गाडीही वापरात आणली, म्हणजे रुळांची रुंदी बदलली तरी माल उतरविण्याचे कारण नाही. कुर्डुवाडीस मात्र माल हमालांच्या पाठीवरूनच इकडचा तिकडे होत राहिला.

मार्ग वाढत गेला. पूर्वेस तो येडशी, तडवळे, ढोकी करीत १९११ मध्ये लातुरास पोचला. दक्षिणेस पंढरपूर गाठून १९२७ मध्ये मिरजेस भिडला, आणि एकूण लांबी २०२ मैल झाली. मिरजेस मीटर गेजची गाठ पडत होती व तेथून लोंढ्यामार्गे गोव्याच्या मुरगाव बंदराकडे वाट होती. कुर्डुवाडीस ब्रॉडगेजची गाठ व तेथून मुंबई. लातूरच्या अडत्यास अशा रीतीने दोन समुद्रद्वारे उघडली, परंतु दोहोंकडे जाताना माल एकदा तरी उतरविल्यावाचून गत्यंतर नव्हते. शिवाय लातूर, ढोकी, तडवळे ही स्थानके निजामाच्या मुलखात, तर बार्शी व कुर्डुवाडी इंग्रजांच्या. हद्द ओलांडणाऱ्या मालावर निजामाचे करोडगिरी खाते जकात घेई व आपल्या दफ्तरी त्याची स्वतंत्र नोंद ठेवी. लंडनला कचेरी असलेली एक कंपनी, मुंबईला कचेरी असलेली दुसरी (जिचा कारभार १९२५ मध्ये सरकारने आपल्या हाती घेतला), आणि हैदराबादचा एक अंमल, अशा तीन सत्तांच्या कागदांतून लातूरची गोणी मुंबईस जात असे.

तो प्रवास आता जवळून पाहू. लातूरच्या गंजातील अडत्या शेंगदाण्याची शंभर पोती मुंबईस पाठवू इच्छितो. प्रत्येक पोत्यावर तो काजळीच्या शाईने आपला मार्का उठवितो, फॉरवर्डिंग नोट भरून देतो, आणि स्थानकावरचा माल-कारकून वजन करून रेल्वे-पावती, म्हणजे बाजारच्या बोलीत बिल्टी, फाडून देतो. ही बिल्टी हा नुसता कागद नसून मालाचे प्रतिरूपच होय, कारण ती ज्याच्या हाती तोच माल सोडवून घेणार. म्हणून अडत्या ती टपालाने मुंबईच्या पेढीकडे रवाना करतो, पेढी तिच्यावर पैसे उचलते, आणि माल अजून वाटेत असता तो एकदोनदा विकलाही जातो. बिल्टीबरोबरच इन्व्हॉइसच्या नकला निघतात. एक निघालेल्या स्थानकाच्या दफ्तरात राहते, एक पोचण्याच्या स्थानकाकडे जाते, एक हिशेबाच्या कचेरीकडे. वाघिणीच्या अंगावर लेबल लागते, दाराला सील लागते, आणि गार्डाच्या कागदांत वाघिणीचा नंबर चढतो.

दोन्ही रेल्वेंचे गेज एक असते तर ही वाघीण जंक्शनवरून तशीच पुढे सरकली असती, आणि नंबर टेकराने तिचा नंबर टिपून घेतला की काम भागले असते. इंग्लंडात १८४२ मध्ये स्थापन झालेले रेल्वे क्लिअरिंग हाऊस अशाच जंक्शनांवर आपली माणसे बसवून परक्या वाघिणींची मोजदाद ठेवी, व कोणत्या कंपनीने कोणास किती भाडे देणे लागते याचा निवाडा करी. आपल्याकडेही विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात दिल्लीस त्या धर्तीची हिशेब-कचेरी सुरू झाली. परंतु गेज बदलले की वाघिणीचा नंबर निरुपयोगी ठरतो. बार्शी लाइटची वाघीण कुर्डुवाडीच्या धक्क्याशी येऊन थांबली की तिचा प्रवास संपला. पुढे जाणार ती पोती, आणि ती दुसऱ्याच नंबराच्या वाघिणीतून. त्यातही एका छोट्या वाघिणीतील माल एका मोठ्या वाघिणीत नेमका मावेल असे कोठे आहे? मोठी वाघीण भरावयाची तर दोन छोट्या वाघिणींतला माल तीत पडे, आणि जागा कमी पडली तर एकाच बिल्टीची पोती दोन वाघिणींत विभागली जात. शंभर पोत्यांपैकी साठ एका नंबराखाली आज निघाली आणि चाळीस दुसऱ्या नंबराखाली उद्या, तर बिल्टी एक, वाघिणी तीन, आणि पोचण्याच्या तारखा दोन असा पेच उभा राहतो. या पेचातून मार्ग काढण्याचे साधन म्हणजे ट्रान्सशिपमेंटचे रजिस्टर. त्यात कोणत्या वाघिणीतून कोणत्या वाघिणीत, कोणत्या इन्व्हॉइसचा, किती नग माल, कोणत्या स्थितीत गेला याची नोंद व्हावयाची. आणि ती नोंद ज्या टॅली-कारकुनाच्या हाती, तो हमालांच्या रांगेच्या बाजूस उभा राहून खांद्याखांद्यावरून जाणारे पोते पाचापाचाच्या रेघांनी मोजणारा. फाटके पोते, भिजलेले पोते, सील तुटलेले दार, हे सारे त्याच्या शेऱ्यांत यावयाचे.

या शेऱ्यांना इतके मोल होते याचे कारण कायद्यात होते. १८९० च्या रेल्वे कायद्याने थेट नोंदविलेल्या मालाच्या नुकसानीबद्दल दावा लावणाऱ्यास दोन वाटा ठेविल्या होत्या: ज्या रेल्वेकडे माल सोपविला तिच्यावर दावा लावावा, अथवा ज्या रेल्वेवर नुकसान घडले तिच्यावर, आणि नुकसानभरपाईची मागणी माल सोपविल्यापासून सहा महिन्यांच्या आत लेखी केली पाहिजे. आता लातूरहून शंभर पोती निघाली आणि मुंबईस सत्याण्णव पोचली, तर ती तीन पोती लाइट रेल्वेवर गेली की मोठ्या रेल्वेवर, हे सांगणारा साक्षीदार एकच, आणि तो म्हणजे कुर्डुवाडीचे टॅलीबुक. बार्शी लाइटच्या कारकुनाला ती शंभरच्या शंभर पलीकडे गेल्याचे दाखवावयाचे असे, मोठ्या रेल्वेच्या कारकुनाला आपल्या हाती आली तेवढ्याचीच सही द्यावयाची असे. आणि दोघे एकमेकांवर नजर ठेवून असल्यामुळे, दोघांच्या सह्या ज्या आकड्याखाली पडत तो आकडा विश्वासार्ह ठरे. नुकसानीच्या तंट्यात करोडगिरीच्या नोंदीचाही अचानक उपयोग होई, कारण जकात घेणाऱ्याने मोजलेली पोती लातूरच्या भरणीची परभारे खातरजमा करीत.

तरीही माल हरवे. लेबल उडून गेलेली, कागद मागे राहिलेली वाघीण कुठल्या तरी यार्डात उभी राही. रेल्वेच्या बोलीत तिला अनकनेक्टेड म्हणत, आणि हे विशेषण आजही प्रचारात आहे. पंढरीत देवळाबाहेर वारीच्या दिवशी पडलेल्या चपलांची जी अवस्था, तीच या मालाची; वस्तू आहे, तिचा धनीही जवळपास आहे, केवळ त्यांना जोडणारा धागा तुटला आहे. हा धागा पुन्हा जोडण्यासाठी मार्का, पोत्यांची संख्या, वजन, तारीख, वाघिणीचा नंबर अशा एकेकट्या अपुऱ्या खुणा निरनिराळ्या स्थानकांच्या रजिस्टरांतून गोळा करून ताडून पाहाव्या लागत. एका खुणेने काहीच सिद्ध होत नसे. तीनचार खुणा एकाच बिल्टीकडे बोट दाखवू लागल्या म्हणजे कारकून निर्धाराने शेरा मारी. आज संगणकशास्त्रातील पंडित निरनिराळ्या नोंदी एकाच वस्तूच्या आहेत की नाहीत हे ठरविण्याच्या ज्या रीती शिकवितात, त्यांचे मर्म या शेऱ्यात होते.

१९५४ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सरकारने विकत घेतली, आणि ती मध्य रेल्वेत सामील झाली. निजामाची हद्द त्याआधीच, १९४८ मध्ये, पुसली गेली होती. सत्ता एक झाली तरी गेज दोनच राहिले, म्हणून धक्क्यावरची मोजणी चालू राहिली. मात्र मोजणारे दोघे एकाच धन्याचे चाकर झाल्यामुळे त्या मोजणीतली जुनी ईर्षा संपली. पुढे मोटार-ट्रकांनी दारापासून दारापर्यंत माल नेण्यास आरंभ केला, तेव्हा मधे उतरवून घेण्याचा खोळंबा व्यापाऱ्यांना नकोसा झाला, आणि छोट्या मार्गावरची मालवाहतूक हळूहळू आटली. नव्या शतकाच्या आरंभी पंढरपूरचा मार्ग रुंद झाला. लातूरकडून उस्मानाबादमार्गे कुर्डुवाडीपर्यंतची रुंदीकरणाची कामे २००८ पर्यंत आणि मिरजेकडची २०१० च्या सुमारास पुरी झाली. माथेरानच्या छोट्या गाडीची मोठी दुरुस्ती करणारा कुर्डुवाडीचा रेल्वे कारखाना तेवढा त्या अडीच फुटी युगाचे कसब जपून राहिला. प्रवाशांची सोय झाली, वेळ वाचला, हमालांच्या पाठीवरचा भार उतरला, यात शंका नाही. परंतु त्याबरोबर प्रत्येक नग डोळ्यांनी पाहून मोजण्याचे एक ठिकाणही नाहीसे झाले, आणि याची भरपाई कशाने करावयाची हा प्रश्न एकट्या कुर्डुवाडीचा राहिला नाही.

कारण तोवर सागरी व्यापारात हीच घटना अवाढव्य प्रमाणावर घडून गेली होती. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराचे आयडियल एक्स हे जहाज अठ्ठावन्न पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले, आणि जहाजाच्या पोटातून एकेक गोणी काढण्याची हजारो वर्षांची रीत मोडीत निघू लागली. मुंबई बंदरात १८८० चा प्रिन्सेस डॉक असो की १९१४ चा अलेक्झांड्रा डॉक असो, तेथील काम कुर्डुवाडीच्याच जातीचे होते. हमाल, मुकादम, टॅली-कारकून, मार्का आणि शेरा. कंटेनर आला आणि माल मधे उघडण्याचे प्रयोजनच उरले नाही. जहाज, आगगाडी व ट्रक या तिघांना एकाच मापाची पेटी उचलता येऊ लागली, म्हणजे गेजचा भेद पेटीने गिळून टाकला. न्हावाशेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले ते या नव्या व्यवस्थेचा स्वीकार करूनच; त्याच्या आदल्या वर्षी स्थापन झालेल्या कंटेनर कॉर्पोरेशनने देशाच्या अंतर्भागातून पेट्या आगगाडीने आणण्याचे काम हाती घेतले.

पेटी उघडावयाची नाही म्हटल्यावर तिची ओळख उरते ती दारावरच्या अक्षरांत आणि सीलमध्ये. चार रोमन अक्षरे मालकाची व प्रकाराची, सहा आकडे क्रमाचे, आणि शेवटी चौकटीतला एक पडताळ्याचा आकडा, असे अकरा चिन्हांचे हे नाव असते. हा अकरावा आकडा मोठ्या युक्तीचा आहे. सी, एस, क्यू, यू आणि पुढे ३०५४३८ असे नाव घेतले, तर अक्षरांना ठरलेल्या १३, ३०, २८, ३२ या किमती देऊन, प्रत्येक चिन्हाच्या किमतीला डावीकडून अनुक्रमे १, २, ४, ८ अशा दुप्पट होत जाणाऱ्या आकड्यांनी गुणून बेरीज करावी. ती ६१८५ येते, तिला ११ ने भागता बाकी ३ उरते, आणि पेटीवर शेवटी ३ हाच आकडा रंगविलेला असतो. घाईत कोणी ३०५४३८ ऐवजी ३५०४३८ असे लिहिले तर बेरीज ६०२५ होऊन बाकी ८ उरते, आणि चूक तत्काळ उघडी पडते. भारतीय रेल्वेच्या वाघिणींनाही आज अकरा आकड्यांचा नंबर आहे. त्यात वाघिणीचा प्रकार, मालक रेल्वे, बांधणीचे वर्ष व अनुक्रम येतो, आणि अकरावा आकडा येथेही पडताळ्याचाच. जुन्या नंबर टेकराच्या हातून होणाऱ्या चुका गणिताने अशा रीतीने बांधून टाकल्या.

परंतु नाव बिनचूक वाचले म्हणजे ठावठिकाणा कळला असे होत नाही. न्हावाशेव्यास एक बंदर असले तरी टर्मिनल अनेक आहेत. बंदराच्या स्वतःच्या टर्मिनलनंतर १९९९ मध्ये पहिले खाजगी टर्मिनल आले, नंतर २००६ व २०१८ मध्ये आणखी, आणि प्रत्येकाची नोंदव्यवस्था निराळी. जहाज-कंपनीच्या मॅनिफेस्टमध्ये पेटी एका रीतीने नोंदली जाते, टर्मिनलच्या संगणकात दुसऱ्या, कस्टम्सच्या दफ्तरात तिसऱ्या, रेल्वेच्या मालवाहतूक प्रणालीत चौथ्या, आणि बंदराबाहेरील कंटेनर फ्रेट स्टेशनात पाचव्या रीतीने. एकाच घटनेस सारे एकच अर्थ देतात असेही नाही: पेटी उतरली असे जहाज-कंपनी म्हणते तेव्हा ती क्रेनने धक्क्यावर टेकविलेली असते, टर्मिनलच्या लेखी ती आवारातील आपल्या रांगेत रचली गेली म्हणजे उतरली, आणि आयात करणाऱ्याच्या लेखी कस्टम्सने सोडल्याखेरीज ती आलीच नाही. तिघेही खरे बोलतात, परंतु तिघांच्या वेळा भिन्न. देशातून आलेल्या एका मालगाडीवर निरनिराळ्या टर्मिनलांच्या पेट्या मिसळलेल्या असतात, आणि कुर्डुवाडीस बिल्टी एक व वाघिणी तीन असा जो पेच पडे तोच येथे गाडी एक व टर्मिनल चार अशा रूपाने पडतो.

यावर २०१६ मध्ये न्हावाशेव्यासच एक उपाय सुरू झाला. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याचे महामंडळ आणि जपानची एनईसी कंपनी यांच्या संयुक्त संस्थेने लॉजिस्टिक्स डेटा बँक या नावाखाली पेटीला रेडिओ-लहरींनी ओळखता येणारा एक टॅग लावण्याची रीत पाडली. बंदराच्या दाराशी, फ्रेट स्टेशनाच्या दाराशी आणि हमरस्त्यावरील टोलनाक्यांवर बसविलेली यंत्रे हा टॅग वाचतात, रेल्वेने जाणाऱ्या पेट्यांसाठी रेल्वेच्या प्रणालीतील नोंदी घेतल्या जातात, आणि पेटीचा नंबर दिला की हे सारे वाचन एका पडद्यावर क्रमाने दिसते. जुन्या नाकेदारांची जागा यंत्रांनी घेतली असे म्हणता येईल. परंतु नाके मात्र पुन्हा आलेच. जकातीसाठी ठायी ठायी थांबणारा माल हुंडेकऱ्याने थांबेनासा केला, रेल्वेने आणखी वेगवान केला, पेटीने तर न उघडता जगभर धाडला. आणि प्रत्येक वेळी थांबा कमी झाला की मालकास आपला माल दिसेनासा झाला, म्हणून न थांबविता नोंद घेणारे नवे नाके उभारावे लागले.

या व्यवस्थेची परीक्षा लवकरच झाली. जून २०१७ च्या अखेरीस नॉटपेट्या नावाच्या संगणकी आक्रमणाने मर्स्क या डॅनिश जहाज-कंपनीचे जगभरचे व्यवहार ठप्प केले, आणि तिच्याच समूहाकडे असलेल्या न्हावाशेव्याच्या टर्मिनलचे कामही कोलमडले. पेट्या जेथल्या तेथे उभ्या होत्या, त्यांतील माल सुरक्षित होता, हरवले होते ते कोणती पेटी कोठे आहे याचे ज्ञान; रस्त्याच्या कडेला ट्रकांच्या रांगा वाढत गेल्या आणि कामे हाताने करण्याची पाळी आली. अशा वेळी कस्टम्सची नोंद, फ्रेट स्टेशनची नोंद, ट्रकवाल्याच्या हातातला दाराशी मिळालेला कागद, या इतर ठिकाणी इतरांनी राखलेल्या नोंदी हाच आधार उरतो.

येथे कुर्डुवाडीच्या धक्क्याचा धडा उपयोगी पडतो. साऱ्या नोंदी एका कोठारात ओतून एकच निर्विवाद नोंद करावी, म्हणजे तफावतीचा प्रश्नच मिटेल, असा मोह आजच्या योजकांना पडतो, आणि सोयीच्या दृष्टीने तो समजण्याजोगा आहे. परंतु तफावत हाच तर या विद्येचा मुख्य आधार होय. बार्शी लाइटचा कारकून शंभर म्हणे आणि मोठ्या रेल्वेचा सत्याण्णव म्हणे, तेव्हाच तीन पोत्यांचा शोध सुरू होई. दोघांनी एकाच वहीत एकाच हाताने लिहिले असते तर शंभर तरी लिहिले गेले असते वा सत्याण्णव तरी, आणि तीन पोती कायमची गेली असती. नोंदी शेजारी ठेवणे, त्यांची वेळ व अर्थ जुळविणे, विसंगती दिसताच हाक मारणे, हे काम यंत्राने अहोरात्र करावे. मात्र ज्याने जे पाहिले ते त्याच्या नावाने, त्याच्या सहीने स्वतंत्र राहिले पाहिजे.

या व्यवहारात माल पाठविणाऱ्याचे स्थान कोठे, हा यातला अखेरचा प्रश्न. कुर्डुवाडीपासून थोड्या अंतरावर करमाळा तालुक्यात कंदरच्या परिसरातून केळी थंड पेट्यांत भरून न्हावाशेव्यामार्गे आखाती देशांना जातात. पेटीचे तपमान प्रवासभर नोंदले जाते, आणि ते मधे चढले तर केळी वाटेतच पिकू लागून परक्या बंदरात भाव पडतो. तपमान कोणाच्या ताब्यात असता चढले, आवारात वीज जोडावयास किती विलंब झाला, जहाज धक्क्याशी केव्हा लागले, या साऱ्याच्या नोंदी आज कोठे ना कोठे असतात, पण त्या जहाज-कंपनीच्या, टर्मिनलच्या आणि निर्यातदाराच्या यंत्रांत. बागाईतदारास मिळतो तो शेवटचा हिशेब व त्यातली कपात. लातूरच्या अडत्याजवळ निदान बिल्टी होती, तिच्यावर नगांची संख्या होती, आणि तिच्या बळावर तो दोन बलाढ्य रेल्वेंना कायद्याने जाब विचारू शके. एवढ्या नोंदी एकत्र करण्याचे सामर्थ्य ज्या काळाला लाभले आहे, त्याने त्यांची एक नक्कल, ताडून पाहण्याच्या हक्कासह, केळी पिकविणाऱ्याच्या हाती दिली पाहिजे. तेवढे घडेपर्यंत या नव्या मालधक्क्यावर मोजणारे अनेक आहेत, पण ज्याचा माल त्याच्या बाजूने मोजणारा कोणी नाही, असेच म्हणावे लागेल.